पर्यायात नवरा नव्हता

मला लातूरला पाठवलं कुणी, ते ऐका. आमच्या सासूबाई म्हणजे माझ्या वडिलांची एकुलती बहीण, माझी आत्याच. लग्न झाल्या झाल्या मी तलाठी भरतीच्या क्लासला लातूरला जाऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "कंधारात बसून करून राहिलीस की अभ्यास. तिथं काय वेगळं शिकवत्यात? विचार बरं एखादं."

मी त्या लातूरच्या क्लासच्याच पुस्तकातला नातेसंबंधाचा प्रश्न वाचला, "तुमच्या वडिलांच्या एकुलत्या बहिणीचा एकुलता मुलगा तुमचा कोण?"

"नवरा," मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या.

"आत्या, पर्यायात नवरा न्हाई. आतेभाऊ हाय."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"एवढं साधं चुकवलंय व्हय? मग उद्याच्याच एसटीनं जा लातूरला. आधी तिथल्या सरांना शिकव."