मान हलवणारा कॅमेरा

जानकाबाई : मान नीट फिरती त्याची, तिला हात लावू नको. बोलत न्हाई तेवढं बघ.

तन्वीर : मावशी, मीच बसवलाय ना हा? स्पीकर आहे त्याला. पलीकडच्यानं फोनवर बटण दाबून बोललं की इथं ऐकू येतं. बिघडण्यासारखं काही नाही.

जानकाबाई : मग प्रबुद्ध का बोलत न्हाई? बिबट्यानं शेळी नेली तवा पुण्यासनं आला, तुला जुन्नरहून बोलवून घेतलं. "आई, मी तिथनं बघत जाईन," म्हनला. बघतो बी. मी रोज ताट घिऊन त्याच्याम्होरं बसते. "जेवलास का रं?" म्हनलं की मान हलिवतो, वर-खाली. पन शबूद न्हाई तोंडातनं.

तन्वीर : कोण मान हलवतो?

जानकाबाई : ह्यो कॅमेरा! चुलीकडं गेले की चुलीकडं, खाटंवर बसले की खाटंकडं. सारखा माझ्या मागं.

तन्वीर : पण हा गोठ्यावर लावला होता मी. घरात कसा आला?

जानकाबाई : शेळ्या इकल्या बाबा. मग रिकाम्या गोठ्यात काय बघनार तो? शेजारच्या हर्षालीनं आत खिळ्याला अडकवून दिला.

तन्वीर : तुमचा फोन द्या इकडं. बघू ॲपमध्ये काय म्हणतोय... अरे बाप रे.

जानकाबाई : काय झालं?

तन्वीर : मावशी, हा कॅमेरा कितीतरी फोनवर जोडलाय. याच्या बुडाला क्यूआर कोडचा चौकोनी स्टिकर आहे, तो कुणाला दाखवला होता का?

जानकाबाई : दाखवला म्हंजी? बिबट्याच्या ग्रुपवर टाकला की फोटू काढून. वस्तीनं पाळ्या लावल्या व्हत्या, कुनी सांजचं बघायचं, कुनी पहाटचं. दिसला की समद्यांना फोन करायचा. उसात शिरायच्या आधी आम्हाला ठावं नको का?

तन्वीर : आणि पासवर्ड?

जानकाबाई : त्यो बी टाकला. त्याबिगर उघडंना म्हनले.

तन्वीर : या अल्लाह! मावशी, तो ग्रुप काय वस्तीपुरता राहिलाय? नारायणगाव मार्केटचे टेम्पोवाले आहेत त्यात, मुंबईचे आहेत, कोण कुठले आहेत. मी पण आहे! बिबट्याचा फोटो काय आणि हा फोटो काय, दिसला की पुढं ढकलतात लोक.

जानकाबाई : ढकलू दे. वस्तीच्या पोरांनी कवाच सोडलं बघनं. आता निस्ता माझा प्रबुद्ध बघतो.

तन्वीर : थांबा, कुणी कधी उघडलंय त्याची यादी बघतो.

जानकाबाई : काय दिसतंय रं?

तन्वीर : प्रबुद्धभाऊंचा फोन आहे यात. पण त्यांनी दिवाळीपासून हे उघडलेलंच नाही.

जानकाबाई : कायतरी बोलू नको. आता कांदे काढायला आले. काल तर दिसभर हलत व्हता ह्यो.

तन्वीर : आपोआप फिरत नाही हा, फोनवरून फिरवावा लागतो. पण त्यांनी नाही हलवला. काल एकाच फोनवरून बघत होतं कुणीतरी. भलताच फोन आहे, नाव नाही, गाव नाही. आत्तासुद्धा चालू आहे.

जानकाबाई : आत्ता बघतोय? अगं बया बया! कापड टाक त्याच्यावर! आधी कापड टाक!

तन्वीर : टाकलं, टाकलं. बसा तुम्ही. पाणी घ्या.

जानकाबाई : लुगडं बदलते रं मी तिथं. पोटचं पोर हाय म्हनून... ह्येंच्या मागं मी कुनाम्होरं रडले न्हाई. ह्याच्याम्होरं रडले. मुडदा बशिवला त्याचा!

तन्वीर : मावशी, घरातलं काही बोललात का यासमोर? पैसा, चावी?

जानकाबाई : बाजारला निघताना सांगून जाते की. "चावी रांजनाखाली ठिवलीय रं." घरात मानूस आसलं की सांगूनच निघतो ना आपून?

तन्वीर : कुलूप आजच बदला. मीच आणून देतो.

जानकाबाई : तुझं काय तरी चुकत आसंल. प्रबुद्धला लाव फोन. मोठ्यानं लाव.

(फोन लागतो. स्पीकरवर प्रबुद्धचा आवाज.)

प्रबुद्ध : आई, पटकन बोल, मीटिंगमध्ये आहे.

जानकाबाई : काय न्हाई रं. त्या कॅमेऱ्यात दिसते का मी तुला?

प्रबुद्ध : म्हणजे काय! रोज बघतो. कालच बघितलं, जेवत होतीस तू.

जानकाबाई : काय जेवत व्हते?

प्रबुद्ध : अगं... भाकरी, भाजी. नेहमीचंच की. का गं?

जानकाबाई : न्हाई, आसंच. भाकरीच व्हती.

प्रबुद्ध : ठेवू मग? काळजी घे हां.

जानकाबाई : ठेव. येळंवर जेवत जा.

तन्वीर : मग? बघितलं म्हणतायत की भाऊ.

जानकाबाई : काल चूल न्हाई पेटवली मी. लई ताप व्हता. तोंडावर पदर घिऊन पडून व्हते. ह्यो आपला हलतोय, इकडं बघतोय, तिकडं बघतोय. मला वाटलं, पोरगं घाबरलं.

तन्वीर : मला सांगायचं तरी. नारायणगावला दवाखान्यात नेलं असतं.

जानकाबाई : कुनी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.

तन्वीर : मावशी, एक ऐका. तो जो कोण आहे, तो काय भला माणूस समजू नका. चावी कुठं असते ते ऐकलंय त्यानं.

जानकाबाई : कळतंय मला, येडी न्हाई मी. चोर आसंल, न्हाईतर वाईट चालीचा आसंल. पन मी उठले न्हाई त्ये त्याला कळलं. माझ्या पोराला न्हाई कळलं.

तन्वीर : मग काय करू? सगळ्यांचं बघणं बंद करू ना?

जानकाबाई : करायचंच. आसं कुनाच्या घरात डोकावत्यात व्हय? जरा थांब. त्ये कापड काढ.

तन्वीर : आता कशाला?

जानकाबाई : काढ म्हनते ना! ...ए, कोन हायेस रं तू? आई हाय का न्हाई तुला? दुसऱ्याच्या आईचं काय बघत बसतोस? जा, तिला फोन कर. ऐकू येतंय का?

तन्वीर : मावशी... हलला. वर-खाली.

जानकाबाई : दाब आता तुझं बटन.

तन्वीर : दाबलं. गेले सगळे बाहेर. आता नवा पासवर्ड तुमचा तुम्ही टाका, मी तिकडं तोंड करतो. कुणाला सांगायचा नाही. ग्रुपवर तर अजिबात नाही.

जानकाबाई : टाकला.

तन्वीर : प्रबुद्धभाऊंना तेवढा कळवा. त्यांचा पण फोन निघालाय यातून. नव्या पासवर्डशिवाय त्यांना आता दिसणार नाही.

जानकाबाई : त्यानं मागितला की दीन.

तन्वीर : आणि नाही मागितला तर?

जानकाबाई : मग काय. ऱ्हाईल मला एकलीलाच ठावं.