गढीतली करपलेली खापरं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक आत्या आणि तिची भाची नंबराची वाट बघत होत्या.

"सकाळपासून गप्प आहेस. मी ती खापरं घासली म्हणूनच ना?"

"आत्या, गढीच्या स्वयंपाकघरात आम्ही खणून काढली होती ती. त्यांना चिकटलेलं करपलेलं अन्न तपासलं असतं, तर गढी किती जुनी ते कळलं असतं."

"मला वाटलं, दमून येतेस, तेवढाच तुला हातभार. काथ्यानं लख्ख केली गं."

"बघितलं मी."

"मग आता?"

"आता काय. पुरावा नाही म्हटल्यावर गढीच्या उरलेल्या भिंती पाडतील आणि तिथून रस्ता नेतील."

"पण इतक्या शतकांचं खरकटं घरात कोण ठेवतं, बाई?"

"आम्ही ठेवतो."

"एका भांड्याच्या बुडाचं करपलेलं मात्र काही केल्या निघेना. हात भरून आले माझे. शेवटी ठेवलं भिजत."

"कशात? सोडा घातलास?"

"सोडा संपलाय. जाताना घेऊ म्हटलं."

"म्हणजे नुसतं पाणी?"

"नळाचं. का गं?"

"काही नाही. ऊठ, तुझा नंबर आला. आणि आज सोडा घ्यायचा नाही."