नळी नको, फोटो काढा

— फोटोच बरा, पोरी. तुझ्या बी बापाला आतड्याचाच कॅन्सर होता म्हणतीस ना, मग नळीला हो म्हणू नकोस. माझा भाऊ माणिकराव त्यातच गेला, तवा डॉक्टर म्हणला, बहिणीचं बी आतडं मागून नळी घालून बघू. म्या म्हणलं, तुझ्या मायला घाल आधी! शाळा न्हाई पाहिली म्या, पण वाण्याच्या पुड्याचे कागद वाचू वाचू शिकले — दुसरी काही तपासणी असंलच की! तर व्हय, होती. मागून पांढरं औषध सोडायचं, हवा भरायची अन् एक्सरे काढायचे. तकलीफ? पोट फुगतं, टेबलावर इकडून तिकडं लोळवतात, बस्स. लाज वाटते — वाटू दे.

फक्त आदल्या दिवशी खाऊ नको. म्या खाल्लं. निस्त्या पाण्यावर राहा म्हणले अन् मला हसू आलं — मला उपास शिकवून राहिले! जन्मभर औंढ्याच्या नागनाथाचे सोमवार केले म्या. जुलाबाचं औषध बराबर घेतलं, अन् वर उपासाचंच खाल्लं — साबुदाणा, भगर, मूठभर शेंगदाणे. फोटोत आतडंभर ठिपके! डॉक्टर म्हणला, सुमनबाई, यात गाठ कोणती अन् शेंगदाणा कोणता, तुमीच सांगा. सून माझी, शीला, हसू हसू बेजार. अजून पाव्हणा आला की सांगते — आत्याबाईच्या आतड्याचा फोटो काढला तर फराळ निघाला! सांगू दे.

काय? काढला की पुन्हा. या बारीला पाण्याबिगर काही गिळलं न्हाई. ठिपके सारे गेले — एक राहिला.

न्हाई, घरी न्हाई सांगितलं. काहून सांगू? हसून राहिलंय घर, हसू दे. डॉक्टर म्हणतो, फोटोत दिसतं, पण तुकडा काढायला नळीच लागंल. त्यासाठीच आज बोलावलं. म्हणजे फिरून नळीच ना! अन् तुकडा काढून काय? माणिकरावचा बी काढला होता. रोगाचं नाव कळलं, दुसरं काय झालं? नाव कळलं अन् दिवाळीच्या आत —

तू काहून रडतीस? तरणी हायेस, तुझं साफ निघंल.

कोण? सुमनबाई? न्हाई बाबा, मी न्हाई. ती मघाच गेली गावाकडं, हट्ट्याच्या गाडीनं. या पोरीला घ्या आत. जा गं. माझ्याकडं काय बघतीस — जा!