जुलैमध्ये चिकटवलेली फळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे सलग नवव्या वर्षी बिनविरोध निवडून आलेले चेअरमन श्री. हिंमतराव जगदाळे, प्रमुख पाहुण्या माजी मुख्याध्यापिका सुशीलाबाई, व्यासपीठावर शाल आणि नारळ सांभाळत अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती श्री. दिगंबर काळभोर, त्यांच्या शेजारी सौ. सुहासिनीवहिनी, आणि पार्किंगमधल्या गाड्या हलवून त्या जागी खुर्च्या टाकून बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

बिनविरोध म्हणालो, त्याचा अर्थ पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे विरोध करणाऱ्याला त्याच बैठकीत सेक्रेटरी करतात. म्हणून कोणी करत नाही.

हिंमतरावांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. फोनवर म्हणाले, "आमोदराव, तुम्ही हसवा. पाहुण्या गंभीर बोलतील, मी आभार मानतो, मग पावभाजी." गेली बावीस वर्षं रविवारच्या पुरवणीत लोकांच्या टोप्या उडवण्याचं काम मी करतो, त्यामुळे वाढदिवस, बारसं, लिफ्टचं उद्घाटन, कुठेही मला हसवायला उभं करतात. आज मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, आज नाही म्हटलं तर परत संधी नाही.

कारण दिगंबरराव उद्या जाणार. कुठे? लोणी काळभोरला. आपल्या गावी, थोरल्या भावाच्या शेजारी. येरवड्यापासून फार तर वीस किलोमीटर. पण आपण पुणेकर. हडपसरच्या पुढे माणूस गेला की आपण त्याच्या आठवणी सांगायला लागतो. बाकी कोणी अमेरिकेला गेलं तर दर वर्षी भेट होते. लोणीला गेलेला माणूस दहा वर्षं दिसत नाही.

दिगंबररावांची ओळख काय करून द्यायची? भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं मोजमाप विभागात होते. दुसऱ्यांनी बनवलेला भाग घ्यायचा, मोजायचा, आणि केसभर चुकला असेल तर बाजूला ठेवायचा. असा माणूस घरी आल्यावर काय करेल? बायकोच्या पोळ्या मोजेल असं आपल्याला वाटतं. यांनी गिटारी बनवल्या. हातांनी. मागच्या बेडरूममध्ये, एकट्याने, अठरा वर्षांत सात. सात म्हणजे सत्तर नव्हेत, सातच. टिंबर मार्केटमधून जुन्या कपाटाचं शिसवी दार आणायचं आणि त्यातून गिटारीची पाठ करायची. लाकडाच्या पातळ पट्ट्या भिजवून तापलेल्या पाइपवर वाकवायच्या. त्या दिवशी अख्ख्या जिन्यात ओल्या लाकडाचा गोड वास सुटायचा. समोरची फळी हातात धरून बोटाने टकटक करायची, कान लावायचा, आतल्या आधाराच्या पट्टीवरून रंधा एकदाच फिरवायचा, पुन्हा टकटक. डॉक्टर छाती तपासतात तसं. फरक इतकाच की हे पेशंटला वेळ द्यायचे.

स्वतःला मात्र एक गाणं वाजवता येत नाही. मी एकदा विचारलं, "दिगंबरराव, निदान एक तरी शिका." तर म्हणाले, "पाळणा करणारा सुतार पाळण्यात झोपतो व्हय?"

हिंमतरावांच्या गाडीवर भुसा पडला म्हणून आपण एकदा खास सभा घेतली होती. तिचं इतिवृत्त आहे. "सदर भुसा सदर सदस्याचाच आहे हे सिद्ध न झाल्याने विषय तहकूब." हसू नका हिंमतराव, तक्रार तुमचीच होती.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, ती ध्यानात असू द्या. दिगंबररावांचा एक नियम होता. पावसाळ्यात फळी चिकटवायची नाही. जूनमध्ये सरसाची बाटली कपाटात जायची, ती दसऱ्यानंतर बाहेर यायची. का? लाकूड पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन फुगतं. तेव्हा ते चारी बाजूंनी चिकटवलं की हिवाळ्यात, हवा कोरडी झाल्यावर, त्याला आकसायचं असतं आणि जागा नसते. मग ते मधोमध फाटतं. अठरा वर्षांत हा नियम त्यांनी एकदा मोडला. माझ्या घरासाठी मोडला.

आपल्यापैकी नव्याने राहायला आलेल्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. माझी पत्नी उत्कर्षा. हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायची. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. त्यामुळे तिचं आणि दिगंबररावांचं चांगलं जमायचं. कंपनीच्या बसमध्ये तिचे रोजचे चार तास जायचे. म्हणायची, नोकरी सोडली की गिटार शिकणार. नोकरी सुटली, पण चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुटली. नसांचा आणि स्नायूंचा आजार. आधी हात जाणार, मग बाकीचं. औषध नाही. डॉक्टरांनी हे इतक्या सभ्य शब्दांत सांगितलं की मी त्यांचे आभार मानून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी ती खाली दिगंबररावांकडे गेली आणि म्हणाली, "दादा, मला एक गिटार हवी. लवकर हवी."

मोजमाप विभागातला माणूस काय करतो? मोजतो. दर शनिवारी दिगंबरराव सुहासिनीवहिनींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन वर यायचे. टेबलावर ठेवायचे. "वहिनी, ह्या बोटानं दाबा. लई जोर नको, रोजच्यागत." काट्यावर आकडा यायचा. तो ते आलेखाच्या कागदावर टिंब म्हणून मांडायचे. पहिल्या शनिवारी तर्जनी नऊशे ग्रॅम. मग साडेआठशे. उत्कर्षा विचारायची, "काय दादा, आज बोटांचा भाव उतरला का?" ते मान खाली घालून टिंब काढायचे. किती ग्रॅमला तार पडद्याला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, टेकते, त्यावरून तारांची उंची ठरवायची, मान किती बारीक करायची ते ठरवायचं. ती गिटार त्या बोटांसाठी होती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती चुकीचीच वाटली असती.

ऑगस्टच्या शेवटी तारा चढल्या. तीन कॉर्ड शिकली ती. तीनच. त्यातली एक कायम चुकायची. संध्याकाळी पाच वाजता ती चूक जिन्यात ऐकू यायची, आणि तुम्ही मंडळींनी एकदाही तक्रार केली नाहीत, याबद्दल सोसायटीचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आत्ता मानतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, दिवाळी. दिवाळीत तिने दिगंबररावांना ओवाळलं, आणि ओवाळणी म्हणून त्यांनाच तीन कॉर्ड ऐकवल्या. म्हणाली, "बसा आता, पळू नका."

डिसेंबरच्या सोळा तारखेला दुपारी मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर कुणीतरी पापड मोडावा तसा आवाज झाला. समोरच्या फळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली होती. उत्कर्षा म्हणाली, "गेली वाटतं." त्याआधी आठ दिवस तिला तार दाबता येत नव्हती.

दिगंबरराव लगेच वर आले. दारातूनच म्हणाले, "द्या, आतनं पट्टी लावतो. दोन दिवसांत वाजंल." मी म्हणालो, "नको. आता तुमच्या हातचं काही नको."

हे मी म्हणालो. त्यांच्यामागे जिन्याच्या पायरीवर सुहासिनीवहिनी उभ्या होत्या.

जानेवारीत मी एक लेख लिहिला. तुम्ही सगळ्यांनी वाचला. फार गाजला. आपल्या जिन्यातल्या एका हौशी कारागिराची गोष्ट. नाव नव्हतं, पण सोसायटीत गिटार बनवणारे दोन नाहीत. त्यातलं एक वाक्य लोक मला अजून ऐकवतात: "यांची गिटार वाजवायला वादक नको, शेजारी फेव्हिकॉल घेऊन बसलेला सुतार हवा." परवा हिंमतरावांनी फोनवरही तेच म्हटलं, आणि म्हणाले, असंच काहीतरी बोला.

मग मंडईत, दूधकेंद्रावर, लिफ्टमध्ये, सगळीकडे, "काय दिगंबरराव, नवीन कधी फुटणार?" दिगंबरराव हसायचे. फेब्रुवारीत त्यांच्या कामाच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे दिसायला लागले. आठवी गिटार झाली नाही. गेली तीन वर्षं मी तिसऱ्या मजल्यावर आणि ते दुसऱ्या, आणि जिन्यात समोर आलो की आम्ही दोघंही मोबाइल बघतो.

त्या लेखात एक संवाद नव्हता. तो लेखात बसत नव्हता असं नाही. तो घातला असता तर लेखच राहिला नसता. तो आज सांगतो, म्हणजे इतिवृत्तात येईल.

जुलैमधली गोष्ट. दिगंबरराव जिन्यात थांबले होते, हातात तो आलेखाचा कागद. म्हणाले, "आमोदराव, हवेत वल लई हाय. आत्ता फळी चिकटवली तर डिसेंबरात फुटणार."

मी म्हणालो, "मग दसऱ्यानंतर चिकटवा."

"दसऱ्यानंतर चिकटवली तर ईस वर्सं टिकंल." मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. टिंबांची रेघ खाली खाली येत होती. त्यांनी ती पेन्सिलीने पुढे नेली होती, नुसती हलकी. "पण वहिनींचं बोट डिसेंबरच्या पुढं तार दाबणार न्हाई. दोन्ही एकाच महिन्यात येतंय. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "चिकटवा."

"फुटंल, हां."

"फुटू दे."

"लोक हसतील मला," ते म्हणाले. हसतच म्हणाले.

मी म्हणालो, "हसणाऱ्यांचा बंदोबस्त माझ्याकडे."

बंधूंनो आणि भगिनींनो, चौतीस वर्षं केसभर चूकही बाजूला काढणाऱ्या माणसाने, फुटणार हे माहीत असलेली वस्तू जाणूनबुजून बनवली. खोलीत दिवे पेटवून, पंख्याने हवा सुकवून, सुहासिनीवहिनींच्या केस वाळवायच्या यंत्राने फळी शेकून, रात्रंदिवस. ती गिटार बरोबर तितकीच टिकली जितकी तिला टिकायची होती. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अचूक माप ते होतं, आणि मी ते चूक म्हणून छापलं.

का केलं? मला विचारलं नाहीत तरी सांगतो. कुणावर तरी रागवायचं होतं. आजारावर विनोदी लेख होत नाही. डॉक्टर सभ्य होते. देवाशी माझे तितके संबंध नाहीत. दिगंबरराव एक मजला खाली होते.

तो लेख उत्कर्षाने वाचला. म्हणजे मीच तिला वाचून दाखवला, पानं उलटायला तिला जमत नव्हतं. ती मधे दोनदा हसली, कारण विनोद चांगले होते. मग म्हणाली, "माझ्यावर रागवायला तुला लाज वाटली, म्हणून दादा सापडले ना? मला सोपं होतं रे. मी ऐकून घेतलं असतं." मी रद्दी आवरत बसलो.

आणि लेखानंतरही सुहासिनीवहिनी रोज पाच वाजता वर यायच्या. दिगंबररावांनी त्यांना एक दिवस अडवलं नाही. वहिनींना गिटार येत नाही. त्या नुसत्या तारांवरून हात फिरवायच्या आणि उत्कर्षाचा तळवा फळीवर ठेवून द्यायच्या, म्हणजे तिला थरथर लागेल. चिरेमुळे आवाज खरखर यायचा. ती म्हणायची, "वहिनी, ही आता माझ्यासारखीच बोलते." मी त्या वेळी आतल्या खोलीत पुढचा लेख लिहीत असायचो.

मार्चमध्ये ती गेली. खांदा द्यायला पहिले दिगंबरराव आले. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. हेही इतिवृत्तात असू द्या.

हिंमतराव, तुम्ही घड्याळ दाखवताय. दिसतंय. पावभाजी गार होणार हेही मला मान्य आहे. आवरतो.

मला बोलायला उभं केल्याबद्दल चेअरमनसाहेबांचे आभार. कुणाला उभं करताय हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांचा दोष नाही. सुशीलाबाईंना हसायला बोलावून असं ऐकवलं, त्यांचे आभार आणि त्यांच्यापुढे दिलगिरीही. आज बोललो तेच लेख म्हणून मी त्याच पुरवणीकडे, त्याच जागेसाठी पाठवलं आहे. संपादक म्हणाले, यात विनोद कुठे आहे? मी म्हटलं, विनोद जानेवारीत झाला. छापतील की नाही माहीत नाही. मी विचारत राहणार आहे.

सभेत बोलणारे शेवटी म्हणतात, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घालावं. आपल्या सर्वांना मी तेवढंच म्हणतो. दिगंबरराव, तुम्हाला मी ते म्हणत नाही. तुम्ही पोटात घालतच आलात, तीन वर्षं. आता घालू नका. तुमच्या मनात जे असेल ते मला म्हणा. मला ऐकायचं आहे.

उद्या सकाळी सातला तुमचा टेम्पो येणार आहे, असं वॉचमनने सांगितलं. रंधे आहेत, पटाश्या आहेत, तो लोखंडी पाइप आहे; जड सामान आहे आणि लिफ्ट बंद आहे. मी साडेसहाला तुमच्या दारात उभा असेन. घ्या म्हणालात तर उचलीन. नको म्हणालात तर वर जाईन, आणि आठला परत खाली येऊन विचारीन.