नऊ नंबरची झेंडी

नाव: स्वतंत्र कागदावर दिले आहे. वय ४३ वर्षे. धंदा: माती-पाणी तपासणी. राहणार: सध्या बंद कोळसा खाणीचे विश्रामगृह, खोली दोन.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, सदर खाण बंद होऊन अकरा वर्षे झाली. मालकांना आता जागा विकायची आहे. त्याआधी तिथे काय काय बिघडले आहे आणि ते कोणी निस्तरायचे, हे तपासून लिहून देण्याचे काम माझ्याकडे आहे. जमिनीखाली उरलेला कोळसा अजून धुमसतो आहे. जिथे जमीन तापलेली किंवा पोकळ सापडली, तिथे मी नंबर घातलेली लाल झेंडी रोवली. तीन आठवडे उन्हातान्हात फिरून अशा तेवीस झेंड्या रोवल्या.

काल सकाळी साडेनऊला पाहिले, तर तेवीसही झेंड्या फाटकापासून कचेरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने लावलेल्या. रखवालदारास विचारले असता तो म्हणाला, "मॅनेजरसाहेब म्हणाले, पाहुणे येणारेत, जरा शोभा आणा. माळावर नुसत्या वाया चालल्या होत्या, ताई." मी कपाळाला हात लावला. जागा बघायला आलेल्या पाहुण्यांनी झेंड्यांपाशी उभे राहून फोटो काढले. त्यांची गाडी नेमकी चौदा नंबरच्या जागेवर उभी होती. ती मी आरडाओरडा करून हलवायला लावली. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

झेंड्यांचे मला काही नाही. सगळ्या जागा माझ्या वहीत मापांसकट आहेत, झेंड्या पुन्हा रोवता येतील. हे मी इथे तीनदा सांगितले. तरीही ठाणे अंमलदारांनी आधी झेंड्यांची चोरी लिहून घेतली, त्यांची लांबी विचारली, आणि काठी बांबूची की लोखंडी हेही विचारले. काठी बांबूची आहे.

मी आले ती नऊ नंबरसाठी. ती झेंडी रखवालदाराच्या खोलीच्या दारात होती. त्या खोलीखाली पोकळी आहे. फरशी गरम लागते आणि भेगांतून विषारी वायू वर येतो. त्याला वास नसतो. रखवालदाराच्या बायकोचे गुडघे धरलेले आहेत, म्हणून ती रोज जेवण झाले की दार लावून त्या फरशीवर चटई टाकून पडते. काल मी तासभर घसा फोडून समजावले. ती म्हणाली, "दवाखान्याला जमलं नाही ते या फरशीनं केलं, ताई. डोकं जरा जड होतं, पण झोप अशी लागते की हाक मारली तरी कळत नाही. तुम्ही कशाला मोडता घालता?" रखवालदार म्हणाला, तिला बरे वाटते आहे ना, मग झाले. मॅनेजर म्हणाले, अहवाल येऊ द्या, मग बघू.

रखवालदाराविरुद्ध माझी तक्रार नाही. माणूस भला आहे, आणि त्याचाच मला वैताग आला आहे. खोली रिकामी करून घेणे माझ्या हातात नाही, आपल्या हातात आहे. त्यासाठी मी सव्वादहापासून इथल्या बाकावर बसले आहे. आधी साहेब बैठकीत होते, नंतर कागद संपले होते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. सहीपूर्वी एवढेच वाढवून घ्यावे, की आता दुपारचा दीड वाजला आहे. त्या घरी जेवणे एक वाजता उरकतात.