मुलाची वाक्यं

(फोनवर. एक जण नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यात, तिची मैत्रीण घरी.)

— आधी फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस. पाच मिनिटं आहेत माझ्याकडे.

— अगं, दम खा जरा. धापा कसल्या टाकतेयस? दुपारचा प्रयोग होता ना तुमचा?

— संपला आत्ताच. त्याचंच सांगतेय. सकाळी वडिलांचं काम करणाऱ्या नटाचा आवाज बसला. बसला म्हणजे पार गेला, नुसता फुस्स! तिकिटं सगळी गेलेली. सर म्हणाले, मी उभा राहतो.

— सर म्हणजे तुमचे दिग्दर्शक? ते अजून काम करतात?

— बारा वर्षं नव्हतं केलं! त्याआधी तीस वर्षं नुसतं स्टेज, स्टेज, स्टेज. आणि सुरुवात कुठून, तर ह्याच नाटकातून. बाविसाव्या वर्षी. मुलाचं काम. चारशे प्रयोग केलेत त्यांनी मुलाचे.

— आणि आता बापाचं. बरंय की.

— कसलं बरंय! मुलाचं काम आमचा काडी करतोय.

— तो काडीपैलवान? नेहमी ट्रे घेऊन यायचा तो?

— तोच. निरोप्या, नोकर, पोलीस नंबर दोन. सहा वर्षांनी पहिल्यांदा खरं काम मिळालंय बिचाऱ्याला. आणि सर तालमीत त्याला नुसते सोलून काढायचे. 'बोलतोयस की पाढे म्हणतोयस?' वर त्यांचा नियम असा की आख्खं नाटक पाठ पाहिजे. फक्त आपलं नाही, सगळ्यांचं.

— घड्याळ बघ हां. पाच मिनिटं म्हणालीस.

— हो गं! दुसरा अंक. मुलगा घर सोडून निघालाय, बाप दारात आडवा उभा. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला, नाटकाचं पुस्तक हातात. काडी तोंड उघडणार तेवढ्यात सर बोलले. 'ह्या घरात माझा जीव गुदमरतो. मी निघालो.'

— मग?

— मग काय मग! ते मुलाचं वाक्य आहे! काडीचं!

— अय्या. आणि काडी?

— आधी सरांकडे बघितलं त्यानं. मी प्रॉम्प्ट तरी कोणाला करू, आणि काय? आणि काय सांगू तुला, काडी शांतपणे बापाचं वाक्य बोलला. 'जा. पण आईच्या डोळ्यांत बघून सांग आणि मग जा.' सर पुढचं मुलाचंच बोलले. तो बापाचं. चार मिनिटं! लोकांना वाटलं, बापच घर सोडतोय आणि पोरगा त्याला अडवतोय. एक खुर्ची वाजली नाही. शेवटी काडीनंच बॅग उचलली, म्हणाला, 'तुम्ही थांबा, मी जातो.' हे तर नाटकात नाहीचय! पण गाडी रुळावर आली.

— शाबास रे पठ्ठ्या. म्हणजे वाचवलं त्यानं.

— वाचवलं? पडदा पडल्या पडल्या सरांनी सगळ्यांना स्टेजवर उभं केलं आणि त्याला म्हणाले, 'माझी वाक्यं का खाल्लीस?'

— काय?

— खरंच सांगतेय! त्यांना कळलंच नव्हतं गं! आणि सगळे खाली बघतायत, लाइटवाला, आईचं काम करणाऱ्या ताई, सगळे. जमिनीवर जसं काही सोनं सांडलंय. सर माझ्याकडे वळले. 'पुस्तक तुझ्या हातात होतं. तू सांग.'

— आणि तू बसलीस मूग गिळून.

— मी बोलणार होते! तेवढ्यात काडी म्हणाला, 'तिला नका विचारू. चुकलं माझं.' सर म्हणाले, 'रविवारी येऊ नकोस. दुसरा मुलगा बघतो.'

— आणि कोणी एक चकार शब्द काढला नाही? धन्य आहात.

— तुला सर माहीत नाहीत. 'ज्याला आपलं वाक्य कुठलं ते कळेनासं झालं, त्यानं थिएटरची पायरी चढू नये.' नुसतं बोलत नाहीत. पंचवीस वर्षांच्या दोस्ताला ह्याच कारणावरून घरी बसवलंय त्यांनी. स्वतःला सोडतील?

— काडी कुठाय?

— गेला. आईला फोन करून सांगत होता, रविवारी येऊ नकोस म्हणून. पहिल्यांदाच बघायला येणार होती ती.

— आणि तू जिन्यात काय करतेयस?

— सरांचा कोट आणायला मेकअपरूममध्ये गेले. सर आरशासमोर, अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा तसाच. मांडीवर पुस्तक, तोच प्रवेश. ओठ हलतायत. मला म्हणाले, 'बाळ, दार लाव. तो पोरगा खोटं बोलला का?'

— अगं बाई.

— 'मी त्याचं बोललो का? ते सगळे मला घाबरतात. तू सांगशील ते खरं मानेन.' आवाज असा, की ओळखू येईना.

— मग? काय म्हणालीस?

— पाणी आणते म्हणाले आणि बाहेर पळाले. ग्लास भरून उभी आहे कधीची. हो म्हटलं तर काडीला काम परत मिळतं आणि सर उद्यापासून इथे दिसत नाहीत. नाही म्हटलं तर... थांब, दार वाजलं. हाक मारतायत.

— अगं, पण...

— पटकन सांग ना. तू असतीस तर काय सांगितलं असतंस?