चालती भट्टी

दारव्ह्याच्या स्टँडवर जीप भरायची वाट पाहत शकुबाई आत बसली होती. जीपच्या दाराशी शमसुन्निसा अणुवीज केंद्रात नोकरीला असलेल्या भाच्याला, तनवीरला, निरोप देत होती.

"भट्टीची ताकद वाढवून राह्यले म्हणे. नको जाऊ, बेटा."

"एकदम नाही वाढवत, खाला. थोडी वाढवली की थांबतात, सारं तपासतात, मंगच पुढं. शेवटी पुऱ्या जोरात असताना मुद्दाम बंद पाडतात."

"चालती भट्टी? कायले?"

"सांगितल्यावर थांबते का, ते पाहाले."

"मागच्या बारीले थांबली?"

"पापणी लवायच्या आत! एवढी मोठी आग, खाला, अन् एका बटनानं दबली."

"या अल्ला!... जाय मंग. तिले थांबवनारे तिथंच पाहिजेत."

शकुबाईनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि सरकून त्याला खिडकीजवळची जागा दिली.